आत्याबाईंची गळती

घरात, गल्लीत, कामावर, सगळीकडे तिला धाकटीच म्हणायचे. एकसष्टावं लागलं, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी धाकटी ती धाकटीच. तिला एक मोठी बहीण होती, एवढंच त्याचं कारण. ताई एकदा खोलीत आली, की तिथल्या खुर्च्यासुद्धा धाकट्या दिसायला लागायच्या.

धाकटीनं अडतीस वर्षं कवळ्या बनवल्या. दवाखान्यांमधून मापं यायची, पांढऱ्या प्लास्टरचे वरचे-खालचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीनं लिहिलेला एक नंबर. खिडकीशी लांबट टेबल, त्यावर छोटा बर्नर, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि सुट्या दातांचे ट्रे. ती एकेक दात मेणात बसवायची, सुरी तापवून हिरड्यांना गोलाई द्यायची, आणि वरचा जबडा खालच्यावर नीट टेकतो का ते मध्ये निळ्या कागदाची पट्टी धरून बघायची. दात जिथे टेकेल तिथे निळा ठिपका उठायचा. ठिपका फार गडद आला तर तेवढंच घासायचं, केसाएवढं. मग कवळी डब्यात, डबा दवाखान्यात. ती कुणाच्या तोंडात गेली हे धाकटीला कधीच कळायचं नाही. हजारो माणसांचं हसू तिच्या हातून गेलं, पण हसताना त्यातलं एकही तिनं पाहिलं नव्हतं.

ताईनं सत्तावीस वर्षं फिरत्या ग्रंथालयाची गाडी चालवली. पुस्तकांनी गच्च भरलेली ती अवजड गाडी ती घाटात एका हातानं वळवायची. पुस्तक उशिरा आणणाऱ्याला तिनं कधी दंड केला नाही. नुसती बघायची. पुढच्या खेपेला तो माणूस गाडी थांबायच्या आधीच पुस्तक छातीशी धरून रस्त्यात उभा असायचा.

नवरा वारल्यावर ताई धाकटीकडे राहायला आली. धाकटीचं लग्न राहून गेलं होतं, आणि राहिलं ते बरंच झालं असं तिचं स्वतःचं मत होतं. एका बंद पडलेल्या लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. मागे सिमेंटचं मोकळं आवार होतं. दोघींचं तसं बरं चाललं होतं. फक्त एक खोड होती, लहानपणापासूनची. दोघींना एकदम हसू फुटलं की ते आवरायचं नाही. शाळेत त्यांना वेगवेगळ्या मजल्यावर बसवलं होतं ते याचसाठी.

धाकटी निवृत्त झाली त्याच्या तिसऱ्या आठवड्यात ताईनं पेपरातली जाहिरात कापून तिच्या चहाच्या बशीखाली ठेवली. तीस वर्षांचं जुनं मोटारहोम विकणे आहे. आत दोन पलंग, शेगडी, छोटं न्हाणीघर. धाकटीनं ती वाचली, चष्मा पुसला, परत वाचली आणि विचारलं की आपल्याला कुठे जायचंय. ताई म्हणाली, ते गाडी आल्यावर बघू.

विकणारा पोहण्याच्या तलावावरचा निवृत्त रखवालदार होता. पाण्यापलीकडे त्याला कशातलंच फारसं कळत नसावं. गाडीच्या मागच्या बाजूला खाली जमिनीवर जेवणाच्या ताटाएवढा काळा डाग होता. धाकटीनं तो दाखवला तेव्हा तो म्हणाला, गाडीला जरा घाम येतो, बाकी तब्येत ठणठणीत आहे.

गाडी आवारात आली आणि तिला नाव पडायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. पाठीमागे रुंद, बोलायला कर्कश, वळायला नाखूश, आणि एकदा येऊन बसली की हलायचं नाव नाही. त्या आत्याबाई झाल्या. पहिल्या सकाळी त्यांच्याखाली नवा डाग होता. दुसऱ्या सकाळी तो वाढला. तिसऱ्या दिवशी ताईनं खाली पुठ्ठा सरकवला आणि चौथ्या दिवशी पुठ्ठा भिजून लगदा झाला. वासही असा, की सडकी अंडी त्यापुढे अत्तर.

दोन गॅरेजवाले येऊन गेले. पहिल्यानं वाकून बघितलं आणि भंगारवाल्याचा फोन नंबर दिला. दुसरा म्हणाला, एवढी उंच गाडी आमच्या छपराखाली मावायची नाही. मग ताईला तिचा जुना मिस्त्री आठवला. ग्रंथालयाची गाडी वीस वर्षं त्याच्याच हातावर चालली होती.

मिस्त्री आला तो काठी टेकत. पंचाहत्तरीचा, सडपातळ, पाठीची दोन ऑपरेशनं झालेला. वाकायचं नाही, आडवं व्हायचं ते फक्त गादीवर, असं डॉक्टरांनी बजावलेलं. दिवसभर सुनेच्या घरी खिडकीपाशी बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकायचे आणि कुणाचं काय बिघडलंय ते मनात म्हणायचं, एवढंच काम त्याला उरलं होतं. त्यानं काठीच्या टोकाला आरसा बांधला, तो आत्याबाईंच्या खाली सरकवला आणि बराच वेळ निरखत राहिला. बोलताना त्याची कवळी बारीक टकटक वाजायची.

मग त्यानं निदान सांगितलं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा आहे ना, ते डिफरन्शियल. इंजिनाकडून आलेलं फिरणं तिथे दोन चाकांना वाटलं जातं. आत मोठं दातेरी चक्र आणि त्याला भिडलेलं लहान चक्र, दोन्ही तेलात बुडालेली. मागचं पत्र्याचं झाकण गंजून चाळण झालंय, आणि पुढच्या बाजूला जिथून दांडा आत शिरतो तिथली रबराची कडी वाळून गेलीय. तेल दोन्हीकडून जातंय.

"काम अवघड नाही," मिस्त्री म्हणाला. "फक्त ते करायला माझी पाठ पाहिजे, आणि ती माझ्याकडे नाही. मी स्टुलावर बसून सांगेन. खाली कोण जाणार?"

ताईनं आपल्या पोटाकडे बघितलं, मग आत्याबाईंच्या पोटाकडे, आणि या दोहोंच्या मध्ये जमीन किती उरते त्याचा अंदाज घेतला. मग तिघांनीही धाकटीकडे बघितलं. तिघं म्हणजे ताई, मिस्त्री आणि आवारातल्या मोरीच्या कठड्यावर बसलेलं शेजारचं मांजर.

आपल्याला भीती किती वाटतेय आणि गंमत किती, ते धाकटीला सांगता आलं नसतं. एखाद्या उंच पाळण्यात बसायच्या आधी होतं तसं काहीतरी. अडतीस वर्षं ती एकाच खुर्चीत, एकाच टेबलाशी मान घालून बसली होती. उताणं झोपून काम करायला तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाकांना ठोकळे लावले, जॅकवर मागची बाजू उचलली, खाली दोन भक्कम लोखंडी घोड्या दिल्या. मिस्त्रीनं त्या काठीनं तीनदा ठोकून पाहिल्या. धाकटी ताईच्या मृत नवऱ्याचा सदरा घालून, डोक्याला फडकं बांधून, जुन्या गालिच्यावर पाठ टेकून आत सरकली.

आतलं जग वेगळंच होतं. वर तीस वर्षांचा चिखल, गंजाचे पापुद्रे, आणि मधोमध तो गोळा, तेलानं काळा आणि गंजानं तांबडा, कुणीतरी जमिनीतून खणून काढलेल्या हंड्यासारखा. तिनं वायर ब्रश चालवायला सुरुवात केली तेव्हा गंज चष्म्यावर, कपाळावर, तोंडात पडला. बाहेरून ताईनं विचारलं की कसं काय आहे. धाकटी म्हणाली, या तोंडाला तीस वर्षांत कुणी ब्रश लावलेला नाही.

झाकणाला दहा बोल्ट होते. आदल्या संध्याकाळी मिस्त्रीनं त्यांच्यावर गंज सोडवायचा फवारा मारायला लावला होता. सात बोल्ट किरकिरत निघाले. आठवा निघेना. मिस्त्री स्टुलावरून सांगत राहिला की जोर करू नका, आधी थोडा घट्ट करा, मग सोडवा, परत घट्ट, परत सोडवा, समजूत काढल्यासारखं. धाकटीला ही भाषा ठाऊक होती. प्लास्टरच्या साच्यातून कवळी अशीच सोडवावी लागते, नाहीतर दात हातात येतो. आठवा सुटला. मग मिस्त्रीनं ताकीद दिली की वरचे दोन नुसते सैल करा, काढू नका, आणि झाकण खालून उचकटा, म्हणजे तेल परातीत पडेल.

तिनं अगदी तसंच केलं. तेल परातीत पडलं, पण आधी तिच्या मनगटावर पडलं, बाहीत शिरलं, कोपराला वळसा घालून काखेत पोचलं आणि तिथून पुढे कुठे गेलं ते तिनं नंतरही कुणाला सांगितलं नाही. आतून एक लांबलचक आवाज आला. ताईनं घाबरून वाकून पाहिलं. धाकटी हसत होती. तिचा अवतार पाहून ताईलाही हसू फुटलं, आणि ती मोरीपाशी बसकण मारून हसत राहिली. मिस्त्री समोरच्या भिंतीकडे बघत गंभीरपणे वाट बघत होता, पण त्याचं स्टूल हलत होतं.

झाकणाच्या तळाशी एक लोहचुंबक होतं, त्याला राखाडी चिखल चिकटलेला. मिस्त्रीनं तो बोटावर घेऊन चोळला, उन्हात धरला आणि म्हणाला, "पीठ आहे. तुकडे नाहीत. दात शाबूत आहेत."

दात हा शब्द ऐकून धाकटी पुन्हा आत सरकली आणि टॉर्च लावला. झाकण निघाल्यामुळे आतलं मोठं चक्र दिसत होतं, तेलात न्हालेलं, चमकदार, तिरक्या दातांचं. नंतर ती ताईला म्हणाली की इतके देखणे दात तिनं कधी कुणाच्या तोंडात पाहिले नव्हते.

त्या संध्याकाळी तिला घरात घ्यायला ताई तयार नव्हती. आवारातच भांड्यांच्या साबणानं तिला घासली. गंज गेला, तेल गेलं, वास गेला नाही.

पुढचे दोन दिवस दांड्याच्या बाजूच्या कडीत गेले. इंजिनाकडून येणारा लांब दांडा सोडवून बाजूला बांधला. मग आतल्या लहान चक्राच्या दांड्यावरचा जाड नट. मिस्त्रीचा जीव त्या नटावर अडकला होता. तो होता तितकाच परत आवळला गेला पाहिजे, जरा जास्त आवळला तर आतल्या दोन्ही चक्रांची भेट बिघडते, आणि मग आत्याबाई आयुष्यभर रडत चालतील. धाकटीनं नट सोडवायच्या आधी आपल्या हत्यारांच्या डब्यातली टोकदार सळई आणली आणि नटावरून दांड्यावर अशी बारीक रेघ ओढली की मिस्त्रीला ती आरशात दिसेना. मग बाहेर दिसलेले आटे मोजून तिनं ते मनगटावर पेनानं लिहिले.

नट फिरवताना सगळं गरगरत फिरू नये म्हणून एका लांब पाइपानं ते धरून ठेवायचं होतं. तो पाइप धरायचं काम ताईचं. धरून काही होईना म्हणून ती त्यावर बसली. धाकटीनं खालून दोन्ही पायांचा जोर लावून पाना ओढला. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा बंदुकीसारखा आवाज होऊन नट सुटला. पाइप जमिनीवर आदळला आणि ताई त्याच्याबरोबर. मग ताईचा आवाज आला, "माझं काही मोडलं नाही. पाइपाचं बघा." त्यानंतर अर्धा तास काम झालं नाही. दोघींची हसून मुरकुंडी वळली होती, एकीची गाडीखाली आणि दुसरीची गाडीबाहेर, आणि जरा थांबलं की एकजण हळूच पाइप म्हणायची.

जुनी कडी निघाली ती बिस्किटासारखी तुटत. नवी धाकटीनं अंगठ्यांनी दाबून, मग लाकडाच्या ठोकळ्यानं चारी बाजूंनी सारखी ठोकत बसवली. नट रेघेवर रेघ जुळेपर्यंत आवळला. रेघ जुळली, आटे जुळले. तरी मिस्त्रीच्या मनाला चैन पडेना. दात बरोबर भिडतात का ते बघायला हवं होतं. त्यासाठी चक्राच्या दातांना एक पांढरा लेप लावून फिरवतात आणि कुठला भाग पुसला जातो ते पाहतात. मिस्त्रीनं आपली लेपाची डबी उघडली. आत दगड झाला होता.

धाकटी गाडीखालून बाहेर आली, तडक वर गेली आणि निळ्या कागदाच्या पट्ट्यांची चपटी डबी घेऊन खाली आली.

"चावा तपासायचाय ना," ती म्हणाली. "ताई, चाक फिरव. हळू. घास चावल्यासारखं."

ताईनं उचललेलं चाक हातानं फिरवलं. आतलं चक्र तेलकट आवाज करत सरकलं, धाकटीनं पुसून कोरड्या केलेल्या दातांमध्ये पट्टी धरली, चक्रानं ती गिळली आणि पलीकडून बाहेर काढली. असं चार ठिकाणी केलं. मग टॉर्च लावून ती निळे ठिपके वाचायला लागली. ठिपका दाताच्या मध्यावर येतोय, लांबट, जरासा आतल्या टोकाकडे झुकलेला. खाली मुळाशी रुतत नाही, वर कडेला निसटत नाही. चारही ठिकाणी सारखाच. जुन्या तोंडात याहून चांगला चावा मिळत नाही, असं तिनं सांगून टाकलं. मिस्त्रीनं आरसा खाली घातला, स्वतः पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. मोठं, तोंडभर, सगळे दात दिसतील असं.

धाकटी गालिच्यावर अर्धी आत, अर्धी बाहेर होती. तिथून तिला ते हसू अगदी खालून दिसलं. ती उठून बसली. कपाळ पत्र्यावर आपटलं, तिकडे लक्ष नव्हतं.

"मिस्त्री, परत हसा."

मिस्त्री गोंधळला. असं सांगून हसता येत नाही म्हणाला. ताईनं मागून हळूच पाइप म्हटलं, आणि तो परत हसला. वरचा, डावीकडचा, मधल्यापासून दुसरा दात. किंचित आत वळलेला. सगळे दात शिस्तीत उभे राहिले की कवळी आहे हे लांबूनही कळतं, म्हणून धाकटी तो एक दात जरासा वाकडा बसवायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिनं कुणाला सांगितलंही नव्हतं. कामाच्या खोलीतल्या बाकीच्या कारागिरांपैकी असं करणारं कुणी नव्हतं.

"ही कवळी किती वर्षांची?" तिनं विचारलं.

"एकोणीस. का?"

"ही माझी आहे."

मिस्त्रीला आधी वाटलं, बाई मागतायत. मग त्याला कळलं. त्यानं हात तोंडाशी नेला, आणि मग खाली घेतला, झाकायचं कशाला असं वाटल्यासारखा. एकोणीस वर्षं तो हे दात घेऊन जेवला होता, भांडला होता, सुनेला सून म्हणून घरी आणताना याच दातांनी हसला होता. धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. तिला एकाच वेळी रडू येत होतं आणि उड्या माराव्याशा वाटत होत्या, आणि अंगावर इतकं तेल होतं की दोन्हीपैकी काहीच नीट जमलं नसतं. ती एवढंच म्हणाली की ही टकटक वाजते ती मला चार दिवस छळतेय, काढा बघू.

त्यानं पाठ वळवून काढून दिली. तिनं ती मोरीवर धुतली, हात तीनदा साबणानं धुतले, वर नेली, उजवीकडची दाढ दोन ठिकाणी केसाएवढी घासली, डबीतली कोरी निळी पट्टी लावून त्याला तीनदा चावायला लावलं. टकटक थांबली. मिस्त्री दुपारभर उगाचच बोलत होता, आवाज ऐकायला.

नवं झाकण मिस्त्रीच्या ओळखीच्या एका जुन्या सुट्या भागांच्या दुकानात मिळालं. धाकटीनं मेणाच्या सुरीनं गोळ्याची कड खरवडून लख्ख केली आणि तिच्यावर चिकट लेपाची वळी अशी एकसारखी सोडली, की मिस्त्रीनं ताईला बोलावून ती दाखवली. बाकीच्या गंजलेल्या भागाला रंग द्यायचा होता. घरात दाराचा पोपटी उरला होता. मिस्त्री म्हणाला की डिफरन्शियल काळं असतं. ताईनं नुसतं त्याच्याकडे बघितलं. डिफरन्शियल पोपटी झालं.

नवं तेल बाजूच्या भोकातून भरलं, काठाशी येईपर्यंत. घोड्या काढल्या. ताई आत्याबाईंना घेऊन गल्लीतून मोठ्या रस्त्यानं वळसा घालून आली, खाली कोरा पुठ्ठा सरकवला, तिघांनी आवारातच चहा घेतला. तासाभरानं धाकटीनं पुठ्ठा ओढला.

त्यावर एक थेंब होता. बघता बघता दुसरा पडला.

मिस्त्रीनं कप खाली ठेवला. सगळं बरोबर केलं होतं, झाकण नवं, कडी नवी, चावा जुळलेला. धाकटीला वाटलं, आपण कवळ्याच करायला हव्या होत्या. ती तशीच, घरातल्या कपड्यांत, गालिचासुद्धा न घेता गाडीखाली गेली. आत पडून तिनं विचार केला. तेल नव्या कडीतून येत होतं, आणि नुसतं ओघळत नव्हतं, आतून कुणीतरी ढकलावं तसं बाहेर येत होतं. म्हणजे आत दाब होता. तिनं ओरडून विचारलं की हे डिफरन्शियल श्वास कुठून घेतं.

मिस्त्रीनं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. वरच्या बाजूला एक नळी असते, करंगळीएवढी. तेल तापलं की आतली हवा फुगते आणि त्या नळीतून बाहेर जाते. ती बुजली असेल तर हवा तेलालाच ढकलत बाहेर काढते, मग कडी सोन्याची लावा. आणि हे चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला आठवू नये. तो दहा मिनिटं स्वतःला नावं ठेवत होता.

नळी वर, खाचेत, दिसत नव्हती. धाकटीनं बोटांनी चाचपली. तोंडावर मातीचा कडक गोळा होता. सुरीच्या टोकानं तो फोडला आणि तिच्या हातात मातीचं एक छोटं घरटं आलं, नळीत खोलवर घुसलेलं, गुळगुळीत, नीट लिंपलेलं. कुंभारीण माशीचं. माशी केव्हाच उडून गेली होती. नळी मोकळी झाली तशी आतून फुस्स करून हवा सुटली, एवढ्या समाधानानं, की गाडीबाहेर ताईनं ऐकलं आणि विचारलं, हे आत्याबाईंचं की तुझं?

परत हसणं सुरू झालं. त्यात मिस्त्रीही सामील झाला, पाठ दुखते म्हणत, काठीला धरून.

दुसऱ्या सकाळी खरी परीक्षा. मिस्त्रीनं ठरवलं की तो मागच्या पलंगावर झोपणार, कारण तो बरोबर डिफरन्शियलवर येतो आणि गादीवर आडवं व्हायला डॉक्टरांची परवानगीच आहे. तो पालथा झोपला, गादीची एक बाजू दुमडली, कान फळीला लावला. ताई स्टिअरिंगवर, धाकटी शेजारी. पेट्रोल पंपापर्यंत जायचं आणि परत यायचं, असं ठरलं होतं.

पंप आला. मागून मिस्त्रीचा आवाज आला की तेल अजून तापलेलं नाही, थोडं पुढे. पुढे कालव्याचा पूल आला, मग विटांच्या भट्ट्या, मग सरळ रस्ता. थोडं पुढे, मिस्त्री म्हणत राहिला. ताईनं वेग वाढवला तेव्हा तो म्हणाला की आता चढ पाहिजे, चढावर दात बोलतात. चढ आला. दात काही बोलले नाहीत. मग म्हणाला की उतारावर वेगळं ऐकू येतं. उतारावर आत्याबाई अशा सुटल्या की कपाटातलं एकमेव भांडं, एक चमचा आत असलेलं, खणखणत नाचायला लागलं. ताई गाणं म्हणत होती, ज्याचे शब्द तिला येत नव्हते. धाकटीनं खिडकी खाली केली. केस तोंडावर उडत होते, ओठांवर अजून तेलाचा वास होता, आणि ती काही कारण नसताना हसत होती.

दुपारी चारला त्यांच्या लक्षात आलं की घरापासून दोनशे किलोमीटर आलो. मिस्त्रीच्या सुनेचा फोन आला. बाबा कुठे आहात, तिनं विचारलं. मिस्त्री म्हणाला, "चाचणी चालू आहे. तेल रात्रभर निवल्याशिवाय काही सांगता येत नाही." सून हुशार होती. तिनं फक्त गोळ्या घेतल्यात का ते विचारलं. गोळ्या त्याच्या खिशात चार दिवसांच्या होत्या. हे त्यानं ताईच्या नजरेला नजर न देता सांगितलं.

त्या संध्याकाळी ते एका तलावाकाठी थांबले, तिघांत एक चमचा आणि दोन पलंग. दोन पलंगांवर बहिणी, मिस्त्री पुढच्या आडव्या होणाऱ्या सीटवर, पाठ सरळ, राजासारखा. सकाळी पुठ्ठा कोरा होता. मिस्त्रीनं तो नाकाशी धरून हुंगला आणि म्हणाला की अजून एका रात्रीची खात्री करायला हवी.

अशा खात्र्या करत चौथा दिवस उजाडला तेव्हा ते एका उघड्या माळावरच्या वाहनतळावर होते. रात्रीतून शेजारी दुसरं एक मोटारहोम येऊन लागलं होतं, आत्याबाईंच्याच वयाचं, गोल खिडक्यांचं, आणि मागच्या चाकांमध्ये खाली तसाच काळा डाग असलेलं. ताई दात घासत होती. मिस्त्री स्टुलावर ऊन घेत बसला होता. धाकटी मात्र कुठेच दिसत नव्हती.

शेजारच्या गाडीचं दार उघडलं आणि एक जाडसर गृहस्थ हातात कप घेऊन पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीवर ते थबकले. त्यांच्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले होते, बायकी चपला घातलेले, आणि आतून कुणीतरी पत्र्यावर नखानं टिचक्या मारत होतं.

त्यांनी ताईकडे बघितलं. ताईनं तोंडातला फेस थुंकला आणि सांगितलं की ती आमची धाकटी, घाबरू नका.

"पण ती तिथे काय करतेय?"

"थांबा, विचारते," म्हणत ताई वाकली, दोन वाक्यं ऐकून परत ताठ झाली. "ती म्हणतेय, तुमच्याकडे तेरा नंबरचा पाना आहे का. आणि तेवढा तो कप बाजूला ठेवा, सांडेल."

गृहस्थांनी कप पायरीवर ठेवला आणि पाना शोधायला आत गेले.